रंगीत तालीम

एका छापखान्यात दिवाळी अंकांची पानं ठेवायला नवा लिनक्स सर्व्हर आला. चार-चार टेराबाइटच्या तीन डिस्क. तिथल्या पोराने ‘एमडीअ‍ॅडम’ वापरून त्यांचा रेड-५ बांधला. वापरायला आठ टेराबाइट मिळाले. बाकीचे चार पॅरिटीत गेले. कुठलीही एक डिस्क गेली, तर उरलेल्या दोघींवरून तिच्यातला मजकूर हिशेबाने परत काढता यावा, म्हणून.

रात्रभराचं सिंक संपल्यावर पोरगा खुशीत म्हाताऱ्या फोरमनकडे गेला.

“काका, आता डिस्क मेली तरी चिंता नाही.”

“मग एक मारून दाखव.”

पोरगा चपापला. “चालू सर्व्हरची?”

“आत अजून एक पान नाही, तरी हात कापतोय. पानं भरल्यावर काय करशील?”

पोराने कमांड देऊन ‘एसडीसी’ नावाची डिस्क बाद केली. डिस्कची स्थिती दाखवणाऱ्या ‘एमडीस्टॅट’मध्ये चालू डिस्कचे तीन ‘यू’ होते, तिथे दोन उरले आणि तिसऱ्याच्या जागी नुसती रेघ आली. मग त्याने कॅबिनेट उघडलं आणि थबकला. आत तीन सारख्याच डिस्क. यातली एसडीसी कोणती? अंदाजाने मधली ओढली. ती चांगली निघाली. तिन्ही डिस्कचा जोड, म्हणजे अ‍ॅरे, कोसळला.

काका काही न बोलता प्रुफं तपासायला निघून गेले.

पोराने प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर चिठ्ठीवर लिहून बाहेर दिसेल असा चिकटवला. मग तो मुद्दाम मोडत आणि जोडत बसला. कोसळलेला अ‍ॅरे ‘असेंबल’ने उभा करायचा, घाबरून पुन्हा ‘क्रिएट’ मारलं आणि डिस्कचा क्रम चुकला, तर वाचण्यासारखं होतं तेही जातं, हे त्याने तिथेच पाहून घेतलं.

ऐन दिवाळीच्या तोंडावर रात्री मेल आली : एक डिस्क गेली. मालक धावत आले, “अरे, बघतोस काय, बदल ना!” पोराने आधी पानांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, कारण रिबिल्डच्या ताणात दुसरी डिस्कही जाऊ शकते. मग नंबर जुळवला, नेमकी तीच डिस्क काढली, नवी जोडली. दुसऱ्या दिवशी तिन्ही ‘यू’ जागेवर होते.

“तुला भीती नाही वाटली?” मालकांनी विचारलं.

“वाटली होती ना. डिस्क रिकाम्या होत्या तेव्हाच.”

तात्पर्य : तहान लागण्याआधी विहीर खणावी हे खरंच, पण तिला पाणी आहे का, तेही तहान लागण्याआधीच पाहावं.