त्या पेशंटचं काय?

डॉ. श्रीराम लागूंची गोष्ट हल्ली रीलमधून भेटते. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात मेडिकलचं शिक्षण, परदेशात प्रशिक्षण, टांझानियात काम. मग १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, सगळं सोडून पूर्णवेळ नट. २३ डिसेंबर १९७० ला ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग. शेवटी स्क्रीनवर एकच सल्ला: मनाचं ऐका.

मनाचं ऐकायला माझी हरकत नाही. पण रील एक प्रश्न गाळते. त्या पेशंटचं काय?

सर्जन घडायला बरीच वर्षं लागतात, समाजाचा पैसा लागतो, आणि शिकाऊ हातांवर विश्वास टाकणारे गरीब पेशंटही लागतात. एवढं घेऊन झाल्यावर ‘आता मला नाटक करायचंय’ म्हणण्याचा हक्क असतो का?

सोपं उत्तर असं: पुण्यात एक सर्जन गेला तर दुसरा आहे. बरोबर. पण हाच हिशोब रंगमंचालाही लागू होतो. गणपतराव बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केलेच की. ‘दुसरा मिळेल’ म्हणून जाणं माफ असेल, तर त्याच न्यायाने येणंही फार मोठं ठरत नाही.

शिवाय हे उत्तर शहराचं आहे. मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे एखाद्या गावातला एकुलता डॉक्टर गेला, तर त्याची खुर्ची रिकामीच राहते. नाटकाचं वेड मात्र आमच्याकडेही कमी नाही. धान निघालं की झाडीपट्टीत दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्रभर नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव फिरतात. पण त्यांच्यासोबत गावची हौशी मंडळीही उभी राहतात. त्यातला शेतकरी राजाचा मुकुट उतरवून सकाळी शेतावर जातो. त्याला शेती आणि नाटक यांतलं एक निवडावं लागत नाही, कारण नाटकाचा हंगामच शेतीने ठरवलेला आहे.

म्हणून मला वाटतं, सोडण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं नसतं. ज्याच्या जाण्याने कुणाचं तरी खरंच अडतं, त्याच्यावर जास्त बंधन. आपण आयटीवाले इथे जरा गप्प बसलेलं बरं. आपला नोटीस पिरियड संपायच्या आत नॉलेज ट्रान्सफर होऊन जातं. आपण राजीनामा दिला तर तो त्याग नाही, आणि टिकून राहिलो तर ती सेवाही नाही.

मग लागूंचं काय? मला त्यांचा राजीनामा महत्त्वाचा वाटत नाही. त्यानंतरचं एक काम वाटतं. निळू फुले आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं, म्हणून. कृतज्ञता हा शब्दच बघा. तो कर्ज कबूल करतो.

त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘लमाण’. इकडचा माल तिकडे पोचवणारा. पेशा बदलता येतो, पण पाठीवरचा माल लोकांचाच असतो. तो वाटेत टाकून द्यायचा नाही, कुठे तरी पोचवायचा. रीलमधला सल्ला तेवढा अर्धाच आहे: मनाचं ऐका, आणि देणं कुणाचं लागतो तेही विचारा.