शतकाचा खरा आरंभ



१ जानेवारी २००० रोजीं जगभर नव्या शतकाचा जयघोष झाला. परंतु ख्रिस्ती सनांत शून्य वर्ष नाहीं. गणना पहिल्या वर्षापासून असल्यामुळें शंभर वर्षें पुरीं होतात तीं शंभराव्या वर्षाच्या अखेरीस. म्हणून हिशेबानें एकविसावें शतक १ जानेवारी २००१ रोजीं लागलें. शालिवाहन शकाचें १९०१ वें वर्ष तर १९७९ च्या गुढीपाडव्यासच उजाडलें होतें. मग लोकांच्या जीवनांत नवें शतक लागतें तरी केव्हां?

घोडबंदर रस्त्याचाच परिसर पाहूं. खाडीकांठचा घोडबंदरचा किल्ला १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून घेतला. १७७४ सालीं ठाणें इंग्रजांच्या हातीं गेलें. ३७ वर्षांत दोनदां निशाण बदललें. राबणाऱ्याच्या हातांतला नांगर मात्र तोच राहिला. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. तिच्या १४ डब्यांत सुमारें ४०० निमंत्रित होते. तो मुहूर्त पाहुण्यांचा होता. गरिबास तो काळ लाभला तो मागाहून, तिकीट काढून तो इतरांच्या शेजारीं बांकावर बसला तेव्हां.

केवळ ठरावानेंही शतक लागत नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांस खुले असावे, असा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं मंजूर केला, व महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तो मान्य केला. तरी चवदार तळ्याचें पाणी त्यांस मिळालें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या बांधवांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. जो ठराव कागदावर पडून होता, तो त्या ओंजळींत जिवंत झाला.

आज घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती आहेत, आणि जवळच येऊरच्या डोंगरांत आदिवासींचे पाडे आहेत. दोहोंकडे दिनदर्शिका एकच. पण शतक एकच आहे काय? ज्या घरीं मोलकरणीचा पेला निराळा ठेवितात, तेथें कोणतें साल चालूं आहे? आणि ज्या मंडळींत प्रभुभोजनाचा प्याला एक, परंतु सोयरिकीच्या वेळीं जुनी जात विचारितात, तिनें आपलें साल कोणतें म्हणावें?

नव्वदाव्या स्तोत्रांत मोशे दिवसांची गणना शिकूं मागतो, ती आकडेमोडीसाठीं नव्हे, तर सुज्ञ होण्यासाठीं. तशी गणना आपणही करूं या. ज्यास आजवर उंबऱ्याबाहेर बसविलें, त्यास आंत बोलावून आपल्याच तांब्यानें पाणी द्यावें. मग ती तारीख घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावी. त्या घरीं नवें शतक त्या दिवशीं लागलें, असें मुलांनीं पुढें वाचावें.