गृहस्थधर्म आणि राष्ट्राचा संकल्प

2021 साली ग्लासगो येथील जागतिक हवामान परिषदेत भारताने 2070 पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला. संकल्प राष्ट्राचा, मग 'माझ्या एका घराने काय होणार?' असा प्रश्न गृहस्थाच्या मनात सहज येतो.

उत्तर हिशेबातच आहे. आपली बहुतांश वीज आजही कोळशापासून तयार होते. एका युनिटमागे सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. 60 वॅटच्या दिव्याऐवजी 9 वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावल्यास वर्षाला सुमारे 93 युनिट वीज, म्हणजेच 65 किलो वायू वाचतो. 2015 पासून उजाला योजनेद्वारे 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. थेंबाथेंबानेच तळे साचते.

मात्र सर्वांचा वाटा समान नाही. एका दिव्यावर व एका पंख्यावर भागविणाऱ्या कुटुंबास काटकसर शिकविणे हा धर्म नव्हे, अन्याय होय. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्रे व अनेक वाहने आहेत, त्याच्यावर कर्तव्याचा भार अधिक. त्याने यंत्र 24 अंशांवर ठेवावे, शक्य असल्यास छतावर सौर पॅनेल बसवावे, जवळच्या अंतरास पायी जावे. दान ज्याच्याजवळ आहे त्यानेच द्यावयाचे असते. संयमाचेही तसेच आहे. 'शेजारी देत नाही' ही सबब दात्यास शोभत नाही, ती येथेही शोभू नये.

भाविकांनी घरी परतल्यावर आपले वीज देयक एकदा या दृष्टीने अवश्य पाहावे, ही नम्र विनंती.