शिबंदीतला म्हातारा

दोस्तांनो, दर १ जानेवारीला आपण कोरेगावच्या स्तंभापुढं उभे राहतो. त्यावर शेवटी 'नाक' लागलेली आपल्या माणसांची २२ नावं आहेत. मागच्या खेपेला एकानं विचारलं, "यातला तुझा कोण?" मी एका नावाकडं बोट केलं. खोटंच. मग रात्रपाळीला साच्यावर उभा असताना ते बोट मलाच टोचत राहिलं.

खरं वेगळंच आहे. आजी सांगायची, आपला मूळपुरुष गडाच्या शिबंदीत होता. गडावर नव्हे, गडाखाली, घेऱ्यात. रानवाटा राखायच्या, रात्रभर हाळी द्यायची. शत्रू आला तर पहिला वार याच्या अंगावर. पण गडावरच्या टाक्याचं पाणी याला वर्ज्य. १८१८ साली इंग्रजांनी गड घेतले, शिबंदी मोडली. म्हातारा गावाच्या वेशीवर वेसकर झाला. भाला गेला, काठी आली. कागदावर त्याचं नाव कुठंच नाही. उरली ती महार वतनाची जमीन, म्हणजे तुकडाभर रान आणि गावभरची राबणूक.

म्हणजे कोरेगावची लढाई झाली तेव्हा माझा म्हातारा पेशव्याच्या गडाखाली जागत होता. मग तो गद्दार म्हणायचा काय? मला नाही तसं वाटत. इकडच्यालाही पोट होतं, तिकडच्यालाही. हत्यार आपलं, लढाई धन्याची. आणि जिंकलेल्या धन्यानं तरी काय केलं? १८९० नंतर पलटणीत आपली भरतीच बंद केली. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांना अर्ज करावा लागला, की आम्हाला पुन्हा घ्या. सांडलेल्या रक्ताची पावती दाखवूनही दार बंदच!

म्हणून मला वाटतं, पूर्वजाच्या शौर्यावर आपलं माणूसपण गहाण टाकू नये. तो शूर होता म्हणून मी माणूस, असं म्हटलं, तर ज्याचा बाप नुसतं ढोर ओढत मेला तो कोण? बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्या गर्दीत पलटणीतले पेन्शनर होते, तसे वेसकरही होते. तुझा आजा कुठं लढला, हे तळ्यानं कुणाला विचारलं नाही. ज्यानं ओंजळ भरली, तो माणूस.

स्तंभापुढं मान लवते, लवणारच. पण खोटा पूर्वज नको. आपला इतिहास दुसऱ्यांनी खोडला म्हणून आपण ओरडतो. मग आपल्याच म्हाताऱ्याला आपण खोडायचं?

येत्या १ जानेवारीला कुणी विचारलं तर सांगीन, "यात माझा नाही. माझा पलीकडं होता, घेऱ्यात, तहानलेला. मी त्याचाच."

जय भीम.