सनद आणि अधिकार
पातूरसारख्या तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन करविवरणपत्रे भरण्याच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणाने, १९४९ च्या कायद्याने प्रतिष्ठित केलेली सनदी लेखापालाची दीर्घ व खडतर वाट धरावी, वकिलीची सनद घ्यावी, की २०१७ पासून रूढ झालेल्या वस्तू व सेवा कराच्या व्यावसायिकाची परीक्षा देऊन लवकर मिळवते व्हावे, हा प्रश्न मला मूलतः अधिकारभेदाचा, म्हणजे कोणी कोणते काम करावे या धर्माचाच, वाटतो. कायद्याचे उत्तर सरळ आहे: प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे अशिलाची बाजू वकीलही मांडू शकतो, पण करासाठीचे लेखापरीक्षण सनदी लेखापालाकडेच राखलेले आहे. परंतु गुरू जनार्दनस्वामींच्या दप्तरातील एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवणाऱ्या संत एकनाथांची जी कथा परंपरेने जपली, तिच्यात हिशेबातली एकाग्रता हीच ईश्वरचिंतनाची पूर्वतयारी ठरते, आणि तिची परीक्षा कोणतीही संस्था घेत नाही. तरीही सनद तुच्छ मानणे मला मान्य नाही. कायद्याची भाषा न उमगणारा दुकानदार ज्या विश्वासाने आपले दप्तर परक्याच्या स्वाधीन करतो, त्या विश्वासाला साक्षीदार हवाच. घरच्या परिस्थितीमुळे ज्याला वस्तू व सेवा कराची लहान परीक्षाच शक्य आहे, त्याने ती निःसंकोच द्यावी. मात्र अधिकाराबाहेरचे काम आपण होऊन अकोल्याच्या सनदी लेखापालाकडे पाठवावे, आणि त्यासाठी अशिलाकडून दलाली घेऊ नये.