मशेरी लावता का?

मराठीत तंबाखू खातात, विडी ओढतात, दारू पितात. मशेरी मात्र लावतात. कुंकू लावावं, मलम लावावं, तशी. या एका क्रियापदामुळे मशेरी व्यसनांत धरली जात नाही, ती दात घासण्यात जमा होते. प्रत्यक्षात काय घडतं? तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवायची आणि बराच वेळ तोंडात राहू द्यायची. सकाळी झाली तरी दुपारी जेवणानंतर पुन्हा हवी. वेळेवर मिळाली नाही तर डोकं धरतं, पोट साफ होत नाही, कामात लक्ष लागत नाही. दात घासायचे राहिले म्हणून कुणाचं डोकं धरत नाही. ही तक्रार निकोटिनची सवय जडलेल्या शरीराची आहे.

यावर म्हणतात, आम्ही गिळत नाही, थुंकून टाकतो. मग अंगात जाईल कशी? पण अंगात जायला गिळावंच लागतं असं नाही. छातीत दुखू लागलं की डॉक्टर जिभेखाली ठेवायला गोळी देतात, ती तोंडाच्या पातळ अस्तरातूनच रक्तात उतरते. निकोटिनचीही तीच वाट. पहिल्यांदा मशेरी लावणारीला गरगरतं, मळमळतं, ते उगाच नव्हे. आणि निकोटिन तिच्यापाशीच थांबत नाही. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. बिनधुराची तंबाखू, म्हणजे मुख्यतः मशेरीच, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी शंभरेक ग्रॅमनं कमी भरलं होतं. ज्या बाळाचं वजन आधीच जेमतेम, त्याला एवढा फरकही फार जड जातो.

मशेरीनं दातदुखी थांबते म्हणतात, तेही खोटं नाही. घटकाभर ठणका बधिर होतो. कीड मात्र आत पसरत राहते आणि दवाखान्यात जाणं लांबत जातं. आता कुणी विचारेल, मशेरी म्हणजे तंबाखू हे बायकांना ठाऊकच असतं, मग शब्दाचा एवढा काथ्याकूट कशाला? कारण ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते आणि तिच्या दृष्टीनं ते अगदी खरं असतं. देशातल्या तंबाखू सर्वेक्षणात मशेरीचं नाव घेऊन विचारतात, ते योग्यच आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या चुऱ्यापर्यंत तो नियम कसा पोचणार? तिथे पोचतात आशाताई, नर्सताई. गरोदरपणाची नोंद करताना सासू-नवरा जवळ नाहीत असं बघून, रागे न भरता त्यांनी तिच्याच शब्दांत विचारावं, ‘मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ आणि आलेलं उत्तर तंबाखूच्या रकान्यात लिहावं.