नामशेष होण्याचे दोन अर्थ

जे नाहीसे झाले, ते संपले असे केव्हा म्हणावे? हा प्रश्न आम्हांस एका लहानशा प्राचीन प्राण्यामुळे पडला. लेप्टोसायन, म्हणजे 'सडपातळ श्वान', हे त्याचे शास्त्रीय नाव १९१८ साली ठेवले गेले. उत्तर अमेरिकेत २ कोटी वर्षांहून अधिक काळ तो लहानसहान जीवांवर गुजराण करीत होता. त्याच भूमीवर हाडे फोडणाऱ्या थोराड श्वानांचे राज्य होते. ते बलाढ्य कुळ सुमारे २० लाख वर्षांपूर्वी निर्वंश झाले. लेप्टोसायनही आज नाही. परंतु लांडगा, कोल्हा, खोकड आणि आपल्या दारातला कुत्रा त्याच्याच शाखेतून आले, असे जीवाश्मतज्ज्ञ मानतात. एक कुळ संपले, दुसरे पालटले. आपण मात्र दोघांनाही 'नामशेष' म्हणतो.

बिदर-कलबुर्गीच्या जुन्या मराठी घराण्यांना हा भेद परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. आपल्या मराठीत कानडी आणि दखनी मिसळत राहिली. पणजोबांची बोली जशीच्या तशी उरली नाही, तरी ती संपली असे आपण मानीत नाही. नातवंडांच्या तोंडी ती येईनाशी होईल, तेव्हा ती संपेल.

येथे कोणी म्हणेल, नाहीसे होणे हा सृष्टिक्रमच असेल, तर दख्खनच्या माळावरील खोकडाची चिंता कशाला? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. मृत्यू अटळ आहे म्हणून हत्या निर्दोष ठरत नाही. लेप्टोसायनला पालटण्यास सृष्टीने कोट्यवधी वर्षे दिली. आपण एका हंगामात माळ नांगरून खोकडाचे बीळ मोडतो. उंदीर आणि किडे खाऊन शेतकऱ्याचे कामच करणारा हा दोन-तीन किलोंचा जीव भारतीय उपखंडाबाहेर कोठेही आढळत नाही. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिले. त्याच्या माळाला मात्र आपण 'पडीक' म्हणून मोकळे होतो.

काळाने जे पालटले त्याचा शोक करू नये; आपल्या हातून जे निर्वंश होईल त्याचा दोष काळावर ढकलू नये. थोराड श्वानांना आपला अंत ठाऊक नव्हता. आपल्याला खोकडाचा ठाऊक आहे, आणि जाणणाऱ्यावरच उत्तरदायित्व येते.